पोरांकडून पेठेचा नकाशा काढून घ्यायचाय? आधी गूगल मॅप बंद करा

आम्ही काही जण तीन वर्षं झाली, सुट्टीत पुण्याच्या कसबा पेठेतल्या पोरांना घेऊन त्यांच्या वस्तीचा नकाशा काढतो, आणि दरवेळी कुणीतरी विचारतंच की आमच्याकडे पण करायचंय, कसं करायचं, म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवतेय.

फार काही लागत नाही. आठ ते तेरा वयाची दहा-बारा पोरं (जास्त नको, रस्त्यावर सांभाळायची असतात), तीन मोठी माणसं, चार शनिवार, खडू, खाकी कागदाचा रोल, तेलकट खडूंचे दोन डबे आणि टिकल्यांची पाकिटं. हो, कपाळावर लावायच्या टिकल्या, लाल हिरव्या पिवळ्या, त्या कशाला ते पुढे सांगते.

पहिल्या वर्षी आम्ही शहाणपणा केला आणि गूगल मॅपची मोठी प्रिंट काढून नेली. पोरांनी दोन मिनिटांत आपापलं घर शोधलं, "हे बघ माझं" झालं, आणि संपलं, मग जे काय भरलं ते आम्ही सुचवलेलंच, बँक, शाळा, दवाखाना. तो नकाशा कुणीही घरबसल्या काढला असता. त्यामुळे आता प्रिंट नाही, मोबाईलही पिशवीत.

सुरुवात जमिनीवर करा. गावोगाव संस्थांची माणसं तीसेक वर्षं रांगोळीनं गावाचा नकाशा काढून घेतात, पीआरए (लोकांना सोबत घेऊन गावाची पाहणी) म्हणतात त्याला, तेच वाड्याच्या नाहीतर शाळेच्या अंगणात खडूनं करायचं. मधे एक जागा सगळ्यांना माहीत असलेली ठेवायची, आमच्याकडे अर्थात कसबा गणपती. "नकाशा काढा" असं म्हणायचंच नाही, पोरं लगेच पुस्तकातला काढायला लागतात. विचारायचं, घरातून निघालास की इथपर्यंत काय काय लागतं? मग येतं सगळं, किराणावाला, तुटकं झाकण, काळं मांजर, बर्फगोळा. एका मुलानं चाळीस पावलांचा बोळ लक्ष्मी रोडएवढा लांब काढला, विचारलं तर म्हणे तिथे दोन कुत्री बसतात. इथे हात आवरा!! तो बोळ लांबच आहे त्याच्यासाठी, आणि हेच तर आपल्याला हवं होतं. मेट्रोचं कसबा पेठ स्टेशन सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालं, आमच्या नकाशात ते "गार जिना" या नावानं आहे आणि तसंच राहणार. सगळं काढून झालं की फोटो घ्या आणि पोरांनाच ते खाकी कागदावर उतरवू द्या.

दुसऱ्या शनिवारी फेरी, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तिघाचौघांचे गट, एक गट आवाज लिहील, एक वास, एक बसायच्या जागा मोजेल. आम्ही तांबट आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा असं फिरतो. तांबट आळीत पोरांना डोळे मिटून उभं केलं होतं, तर एका मुलीनं ठकठक नकाशावर कशी काढायची म्हणून आधी "ठक" असं वीस वेळा लिहिलं, मग खोडलं, मग कारागिराच्या हातातल्या भांड्यावर मठारकामाचे, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांचे, जे बारीक खळगे पडत होते तसेच ठिपके गल्लीभर काढले, जवळ दाट, लांब गेलं की विरळ. मोठ्या माणसाला हे सुचलं नसतं, मला तरी नाही.

संस्कृतीबद्दल विचारायचं तर "तुमची परंपरा काय" असं आजोबांना विचारू नका, ते भाषण देतात. जागेवरून विचारा. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा पाणी कुठवर आलं होतं, हाताने दाखवा. लहानपणी कुठे खेळायचात? या चौकाला फडके हौद का म्हणतात? (इथे पोरांना हौद म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं, पेशवाईत कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालून शहरातल्या हौदांत यायचं हे ऐकून एकानं तिथल्या तिथे फरशीला कान लावला.) आजोबांनी पुराचं पाणी जिथे दाखवलं तिथे निळी रेघ, आणि मधेच एखादं पोर त्या रेघेखाली उभं राहून बघतं की आपण बुडलो असतो का.

आता तिसरा शनिवार, टिकल्या. हिरवी म्हणजे इथे बरं वाटतं, लाल म्हणजे भीती, पिवळी म्हणजे कंटाळा. आम्ही हे एकदा सगळ्यांसमोर एकाच नकाशावर केलं आणि पस्तावलो, एका मुलानं लाल टिकली लावली, बाकीचे "भित्रा भित्रा" करायला लागले, त्यानं गुपचूप काढून पिवळी लावली. तेव्हापासून प्रत्येकाला छोटा कागद वेगळा आणि एकत्र करायचं काम मोठ्यांचं. वेळ पण विचारा, एकच ओटा संध्याकाळी पाचला हिरवा आणि रात्री नऊनंतर लाल असतो कारण तिथे पिणारे बसतात, अशा ठिकाणी टिकल्या अर्ध्या कापून दोन रंग लावायचे.

आणि एखाद्याची लाल टिकली घरावर किंवा एखाद्या माणसावर आली तर सगळ्यांत विचारायचं नाही, खोदायचं नाही. कुणी एकटीनं शांतपणे बोलायचं ते आधीच ठरवून ठेवा आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर जवळ ठेवा. आईवडिलांची परवानगी पहिल्या दिवशीच लेखी घ्या. नकाशावर पोरांची नावं नकोत, कुणाचं घर कुठलं तेही नको, आणि त्यांच्या लपायच्या जागा तर अजिबात नको. एका वर्षी आम्ही ती चूक करून नकाशा गणपतीत मांडवात लावला, मग निम्म्या जागांवर कागद चिकटवत बसलो.

चौथ्या शनिवारी गल्लीतल्या लोकांना बोलवा, बोलायचं पोरांनीच. बसायला बाक, रात्री दिवा, असं काही निघालं तर पुणे मनपा बजेटसाठी नागरिकांकडून कामं मागवते त्यात फॉर्म भरता येतो, गावात असाल तर १५ ऑगस्टची नाहीतर २ ऑक्टोबरची ग्रामसभा गाठा. आमच्याकडे एक काका बराच वेळ आपला जुना वाडा शोधत होते, पोरगी म्हणाली तिथे आता पार्किंग आहे. काढ की मग, म्हणाले. पोरांची मिटिंग बसली आणि ठरलं की काढू, पण तुटक रेघेनं, आणि काकांनीच काढायचं. काकांनी खडू घेतला आणि विहिरीपासून सुरुवात केली.

नकाशा गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, मागे तारीख टाका, आणि पुढच्या वर्षीच्या पोरांना त्यांचा होईपर्यंत दाखवू नका, नाहीतर तोच उतरवून काढतात.