सत्ताविशीतले ‘म्हातारे’: मायनर लीगमधला दुर्लक्षित हिटर कसा हेरायचा

ट्रिपल-ए बेसबॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवर, सत्तावीस वर्षांचा हिटर (बॅट्समन) होतकरू म्हणून म्हातारा गणला जातो. अशा खालच्या सगळ्या पायऱ्या म्हणजे मायनर लीग. होतकरूंच्या याद्यांतून त्याचं नाव केव्हाच गळालेलं असतं आणि फँटसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर चालणाऱ्या कागदी संघांच्या खेळात) त्याच्यावर कुणी एक डॉलरही लावत नाही. तरीही यातलाच एखादा अधूनमधून वर येतो आणि तीसेक होमरन (कुंपणापार फटके) मारून जातो. मॅक्स मन्सीला ओकलंडच्या संघाने मार्च २०१७ मध्ये मोकळं केलं, तोवर मेजर लीगच्या ९६ सामन्यांत त्याची सरासरी होती .१९५, म्हणजे शंभरात वीसही हिट नाहीत. डॉजर्सनी त्याला मायनर लीगच्या करारावर घेतलं, तो मोसम ओक्लाहोमा सिटीत खेळवलं आणि २०१८ मध्ये त्याने १३७ सामन्यांत ३५ होमरन ठोकले. माइक यास्ट्रझेम्स्की बाल्टिमोरच्या मायनर संघांत सहा मोसम घासत राहिला. जायंट्सकडून पहिला सामना खेळला तेव्हा तो २८ वर्षांचा होता, आणि त्या उरलेल्या मोसमात २१ होमरन. दोघंही ऑगस्ट १९९० चे. सूर्यकुमार यादव त्याच वर्षीच्या सप्टेंबरचा, आणि त्यालाही भारताची टोपी तिशीतच मिळाली. उशिरा उमलणं ही काही बेसबॉलची मक्तेदारी नाही.

अशा खेळाडूबद्दल दोन प्रश्न विचारायचे: गेल्या वर्षापेक्षा याच्या बॅटिंगमध्ये नेमकं काय बदललं? आणि याच्या वाटेत कोण उभा आहे? बाकीची सगळी आकडेमोड या दोन प्रश्नांची उत्तरं शोधण्यासाठीच आहे.

जाळं कुठे टाकायचं

ट्रिपल-एच्या खालची पायरी डबल-ए. डबल-एचं सरासरी वय चोविसाच्या आसपास असतं, ट्रिपल-एचं सव्वीस-सत्तावीस. त्यामुळे डबल-एत पंचविशीच्या पुढचा आणि ट्रिपल-एत सव्वीस ते एकोणतीसमधला हिटर हे आपलं क्षेत्र. डबल-एतल्या सव्वीस वर्षांच्या माणसाकडे संशयानेच पाहावं. समोर बावीस वर्षांची कोवळी पोरं पिचिंग करत असतात, त्यांना झोडपण्यात विशेष काही नाही. ट्रिपल-एत मात्र मेजर लीग चाखून परत आलेले पिचर भेटतात. शिवाय २०२३ पासून ट्रिपल-एचा स्टॅटकास्टचा (चेंडूचा वेग आणि कोन मोजणाऱ्या यंत्रणेचा) डेटा सगळ्यांना खुला आहे, बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

किमान अडीचशे प्लेट अपिअरन्स (बॅटिंगला येण्याच्या खेपा) झालेल्यांनाच यादीत घ्या. स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइकवर बाद होण्याचं) प्रमाण साठेक अपिअरन्समध्ये खरं बोलू लागतं, वॉकचं (चार वाईट चेंडूंवर फुकट मिळणाऱ्या पहिल्या बेसचं) सव्वाशेच्या आसपास. खेळात आलेल्या चेंडूंवरची सरासरी, म्हणजे बॅबिप, भरवशाची व्हायला मात्र आठशेच्या आसपास चेंडू लागतात, एका मोसमात न मावणारे. बॅटिंग अ‍ॅव्हरेज पाहून खेळाडू निवडणारे इथेच फसतात.

एका हिटरचा हिशेब

समजा, ट्रिपल-एच्या दोन लीगपैकी एक असलेल्या इंटरनॅशनल लीगमधल्या एका सव्वीस वर्षांच्या हिटरचे आकडे असे आहेत: ३८० प्लेट अपिअरन्स, ३२५ अ‍ॅट-बॅट (वॉक वगैरे वगळून उरलेल्या खेपा), ९३ हिट, त्यात २० डबल (दोन बेसचे फटके), १ ट्रिपल (तीन बेसचा), १७ होमरन, ४९ वॉक, ६८ स्ट्राइकआउट, ४ सॅक्रिफाइस फ्लाय (स्वतः झेलबाद होऊन सहकाऱ्याला धाव मिळवून देणारे फटके) आणि दोनदा चेंडू अंगावर.

स्ट्राइकआउट ६८ भागिले ३८०, म्हणजे १७.९ टक्के. वॉक १२.९ टक्के. सरासरी .२८६, स्लगिंग (दर अ‍ॅट-बॅटमागे मिळवलेले बेस) .५११, दोहोंतला फरक .२२५, ही झाली निव्वळ ताकद. आता बॅबिप: हिटमधून होमरन वजा केले की उरतात ७६. अ‍ॅट-बॅटमधून स्ट्राइकआउट आणि होमरन वजा करून सॅक्रिफाइस फ्लाय मिळवले की २४४. भागाकार .३११. .३०० च्या आसपास म्हणजे नशिबाचा फुगा नाही. हेच बॅबिप .३८० असतं तर .२८६ ची सरासरी पुढच्या मोसमात घसरलीच म्हणून समजा.

चाळणी अशी लावावी: स्ट्राइकआउट २२ टक्क्यांच्या आत, वॉक १० च्या वर, निव्वळ ताकद .२०० च्या वर. तिन्ही एकत्र जमणारे थोडेच असतात, आणि तेच आपल्याला हवेत. मेजर लीगमध्ये गेल्यावर स्ट्राइकआउट तीन-चार टक्क्यांनी वाढणार असं धरूनच चाला. २२ चे २६ झाले तरी ताकदीच्या जोरावर निभावतं, २९ चे ३३ झाले की नाही.

वॉकच्या आकड्याला एक खोट आहे. २०२३ मध्ये ट्रिपल-एच्या सगळ्या मैदानांवर बॉल-स्ट्राइकचा, म्हणजे चेंडू स्ट्राइक झोनमध्ये (प्लेटवरच्या साधारण गुडघा ते छातीच्या पट्ट्यात) होता की बाहेर याचा, यांत्रिक निवाडा आला आणि वॉक भरभरून मिळू लागले. त्यामुळे तेव्हाचे तिथले १२ टक्के जुन्या १२ टक्क्यांएवढे वजनदार नाहीत. त्यापेक्षा स्ट्राइक झोनबाहेरच्या किती चेंडूंवर तो बॅट फिरवतो ते पाहा. शंभरातले पंचवीस किंवा त्याहून कमी असतील तर नजर खरी आहे.

फटक्याचा जोर

इथे थोडा वेळ घालवा, कारण वयाने मोठ्या हिटरची खरी लपलेली किंमत इथेच सापडते. त्याने मारलेल्या सगळ्या चेंडूंची यादी उतरवून घ्या, बंट (नुसती बॅट लावून ढकललेले चेंडू) काढून टाका आणि बॅटवरून सुटतानाच्या वेगानुसार उतरत्या क्रमाने लावा. चेंडू दोनशे असतील तर वरून विसावा पाहा. तो ताशी १०४ मैल किंवा त्याच्या पुढे असेल तर जोर मेजर लीगच्या तोडीचा आहे. १०१ च्या खाली असेल, तर त्याचे होमरन कुंपण जवळ असल्याने पडलेत असं समजायला हरकत नाही. सर्वांत जोरकस फटका ११० मैलांचा असावा. निव्वळ सरासरी वेग बघू नका, अर्धवट लागलेले चेंडू ती खाली ओढतात. ९५ मैलांच्या वरचे फटके, ज्यांना हार्ड हिट म्हणतात, शंभरात चाळीस असले तर उत्तम.

मग दिशा आणि कोन. १०५ मैलांनी मारणारा पण निम्मे चेंडू जमिनीवर घालणारा हिटर हा सगळ्यांत आशेचा माल. जोर शिकवता येत नाही, कोन थोडाफार शिकवता येतो. याच्या महिनावार आकड्यांत जमिनीवरचे फटके ५२ टक्क्यांवरून ४२ वर आले आणि स्ट्राइकआउट वाढले नाहीत, तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तेवढ्यावर न थांबता एप्रिलमधला आणि जुलैमधला एकेक व्हिडिओ शेजारी लावून पाहा: हातांची जागा, पुढच्या पायाची उचल, उभं राहण्याची ठेवण. डोळ्यांना काहीच फरक दिसत नसेल, तर तो महिना नुसता बरा गेला असण्याची शक्यता जास्त.

शेवटची कसोटी वेगाची. ट्रिपल-एत ९१-९२ मैलांचे फास्टबॉल टाकणारे पुष्कळ, त्यांच्यावर पोट भरतं. म्हणून फक्त ९५ च्या वरचे, झोनच्या वरच्या तिसऱ्या भागातले फास्टबॉल वेगळे काढा. त्यांवरच्या दर तीन स्विंगमागे एक चेंडूला न लागता वाया जात असेल, तर वर गेल्यावर दोन आठवड्यांत ही बातमी सगळ्या संघांना कळते आणि मग त्याला दुसरं काही टाकतच नाहीत.

मैदानांची खोटी नाणी

ट्रिपल-एच्या दुसऱ्या लीगचे, म्हणजे पॅसिफिक कोस्ट लीगचे, आकडे तसेच्या तसे कधी घेऊ नका. अल्बुकर्कीचं मैदान ५,००० फुटांच्या वर, रीनो आणि सॉल्ट लेक ४,००० च्या वर. विरळ हवेत चेंडू तरंगत जातो. घरचे आणि बाहेरचे आकडे वेगळे केले तरी भागत नाही, कारण बाहेरचे बरेच सामनेही याच डोंगराळ गावांत असतात. लीगच्या सरासरीशी तुलना करणारा आकडा, डब्ल्यूआरसी प्लस, वापरा. १०० म्हणजे सरासरी, आणि वयाने मोठ्या हिटरकडून १३० च्या खाली काही मान्य करू नये. टाय फ्रान्सने २०१९ मध्ये सॅन डिएगोच्या ट्रिपल-ए संघाकडून, एल पासोकडून, ७६ सामन्यांत .३९९ आणि २७ होमरन असे डोळे दिपवणारे आकडे मांडले. त्या वर्षी ट्रिपल-एत मेजर लीगचाच चेंडू आणला होता आणि होमरनचा पाऊस पडत होता. त्याच उन्हाळ्यात सॅन डिएगोकडून तो .२३४ वर अडकला. माणूस खरंच चांगला होता, २०२२ मध्ये सिअ‍ॅटलकडून ऑल-स्टार (मोसमातल्या निवडक खेळाडूंपैकी एक) झाला, पण .३९९ वाला तो कधीच नव्हता.

वाटेत कोण आहे

आकडे जमले, तरी खेळायला जागा हवी. प्रत्येक संघाची चाळीस जणांची यादी असते. हिटर त्या यादीत नसेल आणि यादी भरलेली असेल, तर त्याला वर आणण्यासाठी कुणाला तरी काढावं लागतं, आणि संघ ते शक्यतो टाळतात. यादीत असेल पण खाली पाठवण्याचे तिन्ही मोसम, ज्यांना ऑप्शन म्हणतात, संपलेले असतील, तर संघाला त्याला मोठ्या संघात ठेवावं लागतं किंवा वेव्हरवर टाकावं लागतं, म्हणजे इतर संघांना त्याला उचलायची मुभा द्यावी लागते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वेव्हरच्या बातम्या रोज वाचाव्यात त्या याचसाठी, आणि नोव्हेंबरमध्येही. हेसूस अग्वीलारला क्लीव्हलंडकडून मिलवॉकीने असंच फेब्रुवारी २०१७ मध्ये उचललं, पुढच्या वर्षी ३५ होमरन. ब्रेंट रूकरला ओकलंडने नोव्हेंबर २०२२ मध्ये घेतलं, २०२३ मध्ये ३० होमरन आणि ऑल-स्टारची निवड. ल्यूक व्हॉइट सेंट लुईसमध्ये पहिल्या बेसवरच्या गर्दीत अडकला होता; जुलै २०१८ च्या अखेरीस यँकीजकडे गेला आणि ३९ सामन्यांत १४ होमरन.

दुखापतीही वाट मोकळी करतात. मन्सी एप्रिल २०१८ मध्ये वर आला तो लोगन फोरसाइथ जायबंदी झाला म्हणून. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या अशा तिन्ही बेसवर तो उभा राहू शकत होता, म्हणून टिकलाही. नुसता पहिला बेस आणि डीएच (क्षेत्ररक्षण न करता फक्त बॅटिंग) करू शकणाऱ्याला बॅटिंगमध्ये कितीतरी जास्त द्यावं लागतं, म्हणून दोन जागा खेळणाऱ्याला प्राधान्य द्या. डावखुऱ्याला आणखी एक फायदा: बहुतेक पिचर उजवे असल्याने आलटून-पालटून खेळवलं तरी मोठा वाटा त्याच्याच पदरात पडतो.

जुलैअखेरची किंवा ऑगस्टच्या सुरुवातीची अदलाबदलीची मुदत तर सोन्याची. २ ऑगस्ट २०२२ ला वॉशिंग्टनने हुआन सोतो आणि जॉश बेल दोघांना विकलं आणि त्याच संध्याकाळी तीस वर्षांचा जोई मेनेसेस पहिला सामना खेळला, त्यात होमरनही मारला. हरणारे संघ आणि त्यांच्या विकाऊ पहिल्या बेसमनच्या मागे ट्रिपल-एत कोण उभा आहे, याची जोडी जुलैच्या मध्यालाच लावून ठेवा.

फसतं कुठे

मेनेसेसने त्या मोसमात ५६ सामन्यांत .३२४ आणि १३ होमरन केले. पुढच्या वर्षी १५४ सामन्यांत पुन्हा १३च. त्याआधी, २०२१ मध्ये, फ्रँक श्विंडेलने शिकागो कब्जकडून, योगायोगाने तितक्याच ५६ सामन्यांत, .३४२ आणि १३ होमरन केले होते. २०२२ मध्ये तो.२२९ वर आला. दोघांनीही वॉक कमीच घेतले होते. वॉक नसलेला उशिरा उमललेला हिटर हा पिचरांनी स्ट्राइक टाकणं थांबवेपर्यंतच चालतो. पॅट्रिक विज्डमची गोष्ट उलटी: २०२१ मध्ये कब्जच्या नवोदितांचा विक्रम मोडत २८ होमरन, पण स्ट्राइकआउट ४०.८ टक्के. असा माणूस होमरन देतो, पण सरासरी बुडवतो. फँटसीत तुमची लीग कशाला गुण देते त्यावर त्याची किंमत ठरवा.

यादी पाच-सहा नावांचीच ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी तपासा. एखादा वर गेला की पहिले पन्नास प्लेट अपिअरन्स सरासरीकडे डोळेझाक करा. .१८० असली तरी स्ट्राइकआउट २५ टक्क्यांच्या आत आणि एखादा फटका १०८ च्या पुढे असेल तर धरून ठेवा. शंभर अपिअरन्सनंतर स्ट्राइकआउट ३२ च्या वर आणि १०८ चा एकही फटका नाही, तर सोडून द्या आणि ती जागा यादीतल्या पुढच्या नावाला.