गॅदरिंगचं समूहगीत निवडताना या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी संपली की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शाळांत गॅदरिंगचे वारे वाहू लागतात. नाच बसवायला दोन-तीन शिक्षक हौसेने पुढे येतात, समूहगीत मात्र ‘युट्युबवर ऐकलं, छान वाटलं’ एवढ्यावर ठरून जातं. मग कार्यक्रमाच्या रात्री तीस-चाळीस पोरं रांगेत उभी राहतात, ध्रुवपद जोरात म्हणतात, आणि अंतरा वर चढला की निम्मी गप्प होतात, निम्मी ओरडतात. पालक म्हणतात, सराव कमी पडला. माझं मत वेगळं आहे. बहुतेक ठिकाणी पोरं जीव लावून सराव करतात. पण गाणं ठरवताना त्यांचा गळा कोणी बघितलेला नसतो.

मोठ्यांच्या पट्टीत लहानांचं गाणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गाण्याचा ‘सा’ पेटीच्या ज्या सुरावर धरतो, ती त्या गाण्याची पट्टी. चौथी ते सातवीच्या मुलांचा समूह पेटीच्या मधल्या सप्तकातल्या (सात सुरांच्या टप्प्यातल्या) पांढरी एकपासून (C) वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत (D) मोकळा गातो. एकट्या-दुकट्याचा आवाज याच्याही वर जातो, पण गाणं सगळ्यांना म्हणायचं आहे.

म्हणून गाणं ठरवण्याआधी पेटीवर बसा आणि त्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर शोधा. समजा, गाणं मंद्र पंचमापासून (खालच्या ‘प’पासून) मध्य पंचमापर्यंतच (मधल्या ‘प’पर्यंतच) फिरतं. मग षड्ज (‘सा’) पांढरी चारला (F) धरा, अख्खं गाणं मुलांच्या टप्प्यात बसतं. मंद्र निषादापासून (खालच्या ‘नी’पासून) तार षड्जापर्यंत (वरच्या ‘सा’पर्यंत) जाणारं असेल तर काळी एक (C#) चालेल. पण मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत पसरलेलं गाणं कुठल्याही पट्टीत धरा, एक टोक हातातून सुटणारच. पट्टी बदलून ते जमणार नाही, गाणंच बदला.

कॅराओके ट्रॅकची गडबडही इथेच होते. ट्रॅक मूळ गायक-गायिकेच्या पट्टीत असतो. पुरुष गायकाचा असेल तर मुलांना फार खाली जातो, आणि एक सप्तक वर उचलला तर किंचाळावं लागतं. मोबाईलवरच्या ॲपने पट्टी दोन-तीन सूर वर-खाली करता येते, त्यापलीकडे ओढलं तर वाद्यांचा आवाज विचित्र होतो. गावात पेटी वाजवणारा भजनी मंडळातला कोणी असेल तर त्यालाच बोलवा. मूल एखादी ओळ चुकलं तर पेटीवाला सांभाळून घेतो, ट्रॅक पुढे निघून जातो.

आठवी-नववीत मुलांचे आवाज फुटलेले असतात. काही महिने त्यांना थोडेच सूर आरामात लागतात. त्यांना रांगेतून काढू नका, ती मनाला लावून घेतात आणि पुढे कधीच गात नाहीत. ध्रुवपद आणि खालच्या ओळी त्यांना द्या, चढा अंतरा मुली आणि लहान मुलांकडे ठेवा.

ओळ लांब, दम छोटा

बहिणाबाई चौधरी आपल्या असोद्याच्या, त्यामुळे त्यांचं गाणं घ्यावं असं प्रत्येक शाळेला वाटतं, आणि वाटायलाच हवं. समूहासाठी ती रचना सोयीचीही आहे. ‘मन वढाय वढाय’ मोजून बघा, आठ अक्षरं. तिसरीतलं पोरही एका दमात म्हणतं आणि पुढच्या ओळीआधी श्वास घेतं. पण तयार चाली एकट्या गळ्यासाठी बांधलेल्या असतात, त्यांत हरकती (सुरांची छोटी, झटपट वळणं) असतात. चाळीस जणांनी हरकत घेतली की नुसता गोंधळ ऐकू येतो. हरकती काढून सरळ सूर ठेवा.

शब्दांना मात्र हात लावू नका. कोणीतरी बाई किंवा सर वहीत ‘वढाय’चं ‘ओढाळ’ करून देतात आणि गाण्यातला जीवच जातो. निवेदनात ‘आता ऐका अहिराणी गीत’ असंही म्हणू नका. बहिणाबाईंची बोली पूर्व खानदेशातली, लेवा गणबोली. अहिराणी अमळनेर, पारोळा, धुळे, साक्रीकडची. दोन्ही आपल्याच, पण दोन्ही वेगळ्या. तुमच्या शाळेतली पोरं घरी जी बोलतात तिच्यातलं गाणं घेतलं तर उच्चार शिकवावे लागत नाहीत. अहिराणीत हवं असेल तर लग्नातल्या डीजेच्या गाण्यांकडे वळण्याआधी आखाजीची (अक्षय्यतृतीयेची) आणि मुलींच्या गुलाबाईच्या सणाची गाणी आठवा. सूर थोडे, ओळी फिरून फिरून येणाऱ्या, दोन गट करून सवाल-जवाब करता येण्यासारख्या. आज्या अजून आहेत तोवर त्यांच्याकडून चाल ऐकून घ्या. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा.

देवाचं गाणं स्टेजवर

इथे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. कानबाई या खानदेशातल्या देवीचं गाणं म्हणणं वेगळं आणि स्टेजवर अंगात आल्याचं सोंग करणं वेगळं. ज्यांच्या घरी कानबाई बसते त्यांना ते लागतं. साक्री-नवापूर पट्ट्यात डोंगऱ्या देव या आदिवासींच्या देवाची गाणी व्रताचा भाग असतात, ती टाळ्यांसाठी नाहीत. सातपुड्यातलं पावरी किंवा भिलोरी बोलीतलं गाणं घ्यायचं असेल तर ते कधी म्हणतात, होळीला की लग्नात, हे त्या मुलांच्या घरच्यांना विचारा. मान ठेवून विचारलं की लोक स्वतः येऊन ठेका दाखवतात.

राज्यगीताबद्दलही एक गोष्ट. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ 2023 पासून आपलं राज्यगीत आहे, ठरलेलं रूप दोन कडव्यांचं आणि पावणेदोन मिनिटांच्या आतलं. ते लागलं की उभं राहायचं असतं. नाचाच्या मेडलीत मध्येच घातलं तर प्रेक्षकांना उठावं की बसावं कळत नाही. सुरुवातीला, स्वतंत्र म्हणा.

ऐन वेळी गाणं बसत नसेल तर

नवीन गाणं घेऊ नका. आधी पट्टी एक-दोन सूर खाली आणा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. तरी नाही जमलं तर जड जाणारा अंतरा गाळा. दोन कडवी सुरात म्हटलेली बरी, तीन मिनिटांचं गाणं पुरेसं असतं.

लय पळत असेल तर टाळ्या बंद करा. घाबरलेली पोरं टाळीबरोबर धावतात. ढोलकी एकाच हातात द्या. हातवारे शिकवले असतील तर चढ्या ओळींवरचे काढून टाका, हात वर गेले की श्वास तुटतो.

एक-दोन मुलं सतत बेसूर होत असतील तर त्यांना दोन पक्क्या गाणाऱ्यांच्या मध्ये उभं करा. ‘तू नुसते ओठ हलव’ असं कोणत्याच मुलाला सांगू नका. आणि माईक चुणचुणीत मुलीच्या तोंडाशी नको, दोन माईक रांगेपासून चार-पाच फूट लांब ठेवा, म्हणजे सगळ्यांचा आवाज एकत्र येतो.

तालमीला निम्मीच पोरं येत असतील तर रागावण्याआधी चौकशी करा. कापूस वेचणीचे दिवस असतात, काहींचे आईबाप ऊसतोडीला निघून गेलेले असतात. अशा शाळेत रोज येणाऱ्या आठ-दहा मुलांना कडवी द्या आणि ध्रुवपद सगळ्यांना. परिपाठात रोज एकदा ध्रुवपद म्हणून घेतलं तर चार दिवस गैरहजर राहिलेलं पोरही गॅदरिंगला रांगेत उभं राहून गाऊ शकतं.