वाढत्या अंगाचा सूट घेऊ नका : ऑफिसच्या सुटाच्या खरेदीत हमखास होणाऱ्या चुका

गेल्या वर्षी एका रात्री साडेनऊला भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. "मामा, सकाळी इंटरव्ह्यू आहे आणि हा कोट कसातरीच दिसतोय." दिसत कोटच होता, भाचा त्यात कुठेतरी होता. खांद्यांची टोकं दंडावर उतरलेली, बाही अंगठ्याच्या पेरापर्यंत, कॉलरला काळं चकचकीत साटीन. ताईच्या दिराच्या रिसेप्शनसाठी घेतलेला. मागून ताईचा आवाज आला, "मुद्दामच एक नंबर मोठा घेतला. पुढे अंग भरलं तरी चालेल."

शाळेच्या गणवेशापासून आपल्याकडे वाढत्या अंगाचेच कपडे घ्यायची रीत आहे. शर्टाला ती खपते, पँटलाही खपते. कोटाला नाही. त्या रात्री मी त्याला कोट कपाटात ठेवायला लावला. पांढरा शर्ट, राखाडी पँट आणि पॉलिश केलेले बूट, एवढ्यावर तो गेला. (नोकरी लागली. पण त्याचं श्रेय शर्टाला देऊ नका.) पहिला पगार झाल्यावर आम्ही दोघं नीट सूट घ्यायला बाहेर पडलो. त्या दोन-तीन शनिवारांत दुकानांमधून जे दिसलं आणि माझ्या आधीच्या चुका जेवढ्या आठवल्या, ते सगळं इथे मांडतोय.

खांदा सोडून बाकी सगळं बघणं

दुकानात शिरलं की आपण आधी रंग बघतो, मग किंमत, मग आरशात पोट. बघायचा असतो खांदा. सगळा कोट खांद्यांवर टांगलेला असतो. खांद्याची शिवण तुमच्या खांद्याचं हाड संपतं तिथेच संपायला हवी. एक सोपी युक्ती आहे. कोट घालून भिंतीला दंड लावून आडवे उभे राहा. कोटाचा खांदा आधी टेकला आणि दंड नंतर, तर कोट मोठा आहे. बाहीच्या वरच्या टोकाला, खांद्याच्या लगेच खाली, खळगा पडत असेल तरी गडबड आहे.

खांद्यावर एवढा जोर कशासाठी? कारण तो दुरुस्त होत नाही. खांदा लहान करायचा म्हणजे बाही काढायची, मुंढा नव्याने कापायचा, पॅड बदलायचं, अस्तर उसवून परत लावायचं. चांगला कारागीर हे करेलही, पण मजुरी ऐकून तुम्ही दुसरा कोटच घ्याल. कोटाच्या लांबीचंही तसंच आहे. इंच-दीड इंच कमी केलं तर खिसे खालच्या काठाला टेकल्यासारखे दिसतात.

याउलट या गोष्टी कुठलाही बरा टेलर करून देतो: बाही आखूड करणं, कोटाची कंबर आत घेणं, पँटची लांबी, पँटची कंबर, मोहरी (पँटच्या पायाचा खालचा घेर). पँटची कंबर वाढवायची असेल तर मागच्या शिवणीत मार्जिन किती सोडलंय ते दुकानातच उलटं करून बघा. दोन्ही बाजूंना तीन-चार बोटं कापड दिसलं तर तुमच्या पुढच्या पाच वर्षांच्या पोटाची सोय झाली. ताईचं 'पुढे अंग भरेल' हे धोरण खरं तर इथे लागू पडतं, खांद्याला नाही. फक्त बाहीच्या टोकाला खरी, उघडणारी काजं असतील तर खालून बाही कमी करता येत नाही, हे लक्षात ठेवा. तयार सुटात बहुतेक वेळा ती नुसती दिखाऊ असतात आणि ते आपल्या पथ्यावरच पडतं.

म्हणजे दुकानातून खांदा विकत आणायचा आणि बाकीचं टेलरकडून करून घ्यायचं. बजेट दहा हजारांचं असेल तर आठ-साडेआठ दुकानात घालवा आणि उरलेले आल्टरेशनला बाजूला ठेवा. सात हजारांचा नीट बसवून घेतलेला सूट पंधरा हजारांच्या ढगळ सुटापेक्षा कधीही चांगला दिसतो. सगळे पैसे काउंटरवर संपवून पँट आईकडून दुमडून घेणारे मी खूप बघितलेत.

पुतळ्यासारखं उभं राहून ट्रायल देणं

आरशासमोर आपण श्वास रोखून, छाती काढून उभे राहतो. ऑफिसात असं कोण उभं राहतं? ट्रायलला पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि रोजचे बूट घालून जा. फ्लोटर घालून गेलात तर पँटची लांबी चुकणारच. कोटाचं वरचं बटण लावा (दोन बटणांच्या कोटाचं खालचं लावायचंच नसतं, कोट तसाच कापलेला असतो). बटणापासून फुलीसारख्या सुरकुत्या ओढल्या गेल्या तर कोट तंग आहे. शर्ट आणि कोट यांच्यामध्ये पंजा सहज जावा. मूठ मावली तर सैल.

मग हात पुढे करून बाइकचं हँडल धरल्यासारखं करा. खाली बसा. मान वळवा. कोटाची कॉलर मानेपासून सुटून मागे फट पडत असेल तर विक्रेता म्हणेल, "घालून घालून बसेल, साहेब." बसत नाही. हात सरळ सोडल्यावर शर्टाचा कफ कोटाच्या बाहीबाहेर साधारण अर्धा इंच दिसायला हवा. कोटाने मागची बाजू झाकली पाहिजे. सध्या आखूड कोटांची फॅशन आहे. लग्नातल्या फोटोत ते शोभून दिसतात, मीटिंगमध्ये धाकट्या भावाचा घालून आल्यासारखे.

पोट असलेल्यांना (मी त्यातलाच) एक वेगळीच अडचण येते. तयार सुटात छाती आणि कंबर यांत सहसा सहा इंचांचा फरक धरलेला असतो: ४० छातीचा कोट, ३४ कंबरेची पँट. माझी छाती ४२, कंबर ४०. पूर्वी मी पँट बसावी म्हणून ४६ चा कोट घ्यायचो आणि त्यात पोत्यासारखा दिसायचो. त्याच कापडाचे कोट आणि पँट सुटे मिळतात का, ते विचारा. काही ब्रँड तसे ठेवतात. नसेल तर शिवून घेणंच शहाणपणाचं. आणि ऑनलाइन मागवताना लेबलवर ५० दिसलं म्हणून घाबरू नका. तो युरोपातला नंबर आहे, त्यातून १० वजा केले की आपला ४० येतो.

लग्नातला सूटच ऑफिसला 'चालून जाईल' समजणं

चालत नाही. चकाकी, साटीनची कॉलर, गळ्याशी ब्रोच, वाइन रंग हे सगळं स्टेजवरच्या दिव्यांसाठी असतं. पहिला सूट गडद निळा किंवा कोळशासारखा राखाडी घ्या, अंगभर एकच रंग, डिझाइन नाही. काळा टाळा असं मी म्हणेन, जरी दुकानदार तोच आधी पुढे करतो. दिवसाउजेडी काळा रंग बोजड दिसतो, त्यावर प्रत्येक धूळकण उठून दिसतो, आणि स्वस्त काळं कापड वर्षभरात तांबूस मारायला लागतं.

दुकानातल्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका. आम्ही एक 'नेव्ही ब्लू' कोट पसंत केला आणि दारात उजेडात नेला, तर तो चक्क जांभळ्याकडे झुकलेला निघाला. "दारात नेऊन बघतो" म्हटल्यावर कोणी अडवलं तर तिथून निघा.

'सुपर १२०' वाचून खूश होणं

कापडावर लिहिलेलं सुपर १०० म्हणजे लोकरीचा तंतू १८.७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक. सुपर १२० म्हणजे १७.७५. आकडा वाढला की कापड मऊ होतं, पण नाजूकही होतं. रोज लोकलने नाहीतर बाइकवरून फिरणाऱ्याला सुपर १५० चं करायचंय काय? ११०-१२० पर्यंत पुष्कळ झालं. शिवाय हा आकडा शुद्ध लोकरीसाठी आहे. फार तर त्यात रेशीम किंवा कश्मिरी असे उंची तंतू चालतात. पॉलिस्टर-व्हिस्कोसच्या, म्हणजे दुकानातल्या भाषेत टीआरच्या, कापडावर 'सुपर' लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही.

टीआर वाईटच असतं असं मात्र नाही. ते स्वस्त असतं, चुरगळत नाही, प्रेझेंटेशनपुरतं वर्षातून चारदा घालायला ठीक आहे. पण मुंबईच्या दमट हवेत त्यात घाम कोंडतो. बजेट बेताचं असेल तर मधला मार्ग टेरीवूल. ५५ टक्के पॉलिस्टर आणि ४५ टक्के लोकर हे मिश्रण सर्रास मिळतं. वजन विचारा: लांबीच्या एका मीटरला २४० ते २८० ग्रॅमचं कापड आपल्याकडे बारा महिने चालतं. उन्हाळ्यासाठी हलकं म्हणून फारच पातळ घेतलं तर गुडघ्याला फुगे येतात. गारवा अस्तरावरही ठरतो. पाठीला अर्धंच अस्तर असलेला कोट बघा.

लोकर खरी की खोटी, हे बघायला जुने कापडवाले आडव्या-उभ्या धाग्यातले दोन-चार धागे काढून जाळतात. आम्हालाही एका म्हाताऱ्या दुकानदाराने काडी पेटवून दाखवलं. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटांत चुरडली जाते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला टणक मणी उरतो. आमच्या 'प्युअर वूल'चा मणीच झाला. दुकानदारच हसला आणि म्हणाला, "मिक्स आहे थोडं."

पेस्टिंगचा कोट वाटेल त्या लाँड्रीत देणं

कोटाची छाती उभी राहते ती आतल्या थरामुळे. स्वस्त कोटात हा थर उष्णतेने चिकटवलेला असतो. टेलर त्याला पेस्टिंग म्हणतात. महाग कोटात कॅनव्हास टाक्यांनी जोडलेला असतो. ओळखायचं कसं? खालच्या बटणाजवळ बाहेरचं कापड आणि आतलं कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून अलग करा. मध्ये एक तिसरा, मोकळा थर सरकताना लागला तर कॅनव्हास. बाहेरचं कापडच कडक, पुठ्ठ्यासारखं लागलं तर पेस्टिंग.

माझा पहिला सूट पेस्टिंगचा होता. एका पावसाळ्यानंतर कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे दिला. त्याने भरपूर वाफ मारली आणि परत आला तेव्हा छातीवर पापडासारखे फोड आलेले. एका टेलरने पुन्हा दाबून बघितलं, आठवड्यात परत आले. यावर खरा इलाज नाही. वाजवी किमतीत बहुतेक कोट पेस्टिंगचेच मिळणार आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त त्याला कमी वाफ आणि कमी ड्रायक्लीन. शिवून घेत असाल तर निदान छातीपुरता कॅनव्हास टाका म्हणून आधीच सांगा, म्हणजे दर त्याप्रमाणे ठरेल.

तयार की शिवून, हा हिशेब न करणं

२२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यावर जीएसटी ५ टक्के आहे आणि त्यावरच्या किमतीला १८. कापडावर मात्र ५ टक्केच. त्यामुळे पुण्याच्या लक्ष्मी रोडवर, मुंबईच्या मंगलदास मार्केटमध्ये किंवा नागपूरच्या इतवारीत कापड घेऊन शिवायचं गणित पुन्हा बरं जमू लागलंय. दीड मीटर पन्ह्याचं साधारण सव्वातीन मीटर कापड दोन कपड्यांच्या सुटाला लागतं. माझा सल्ला: सव्वा मीटर जास्त घ्या आणि दुसरी पँट शिवा. पँट कोटाच्या कितीतरी आधी जाते, मांड्यांच्या मध्ये घासून. नंतर तेच कापड शोधायला गेलात तर तागा बदलतो, छटा बदलते आणि कोट कायमचा एकटा पडतो.

शिवायला टाकण्याची वेळ महत्त्वाची. तुळशीचं लग्न झालं की टेलर तुमचा राहत नाही. लगीनसराईत ट्रायलची तारीख तीनदा पुढे जाते आणि कोट शिकाऊ पोऱ्याच्या हातात पडतो. आषाढ-श्रावणात किंवा पितृपक्षात टाका. लोक नवीन काही घेत नाहीत, मास्टर स्वतः मोकळा असतो. भाच्याचा कोट पितृपक्षातच शिवला. ताईने आधी नाक मुरडलं, मग घटस्थापनेनंतर घरी आणण्यावर तडजोड झाली. कच्च्या शिलाईवर, पांढरे टाके दिसत असताना एक ट्रायल घ्यायलाच हवी. ती न देता थेट तयार कोट हातात देणारा टेलर नको. तयार घ्यायचा असेल तर सेलची वाट बघा, पण सवलत बघताना मूळ किमतीकडे नाही, खांद्याकडे बघा. एमआरपीत कर धरलेला असतो. सवलतीनंतर बिलात तो पुन्हा चढवला असेल तर विचारा.

घरी आणल्यावर

कोटाच्या मागच्या चिरेवर फुलीचा टाका असतो, तो कापायचा. बाहीवरचं ब्रँडचं लेबलही उसवायचं. ते मिरवायचं नसतं, हे अजून पुष्कळांना माहीत नाही. बाहेरचे खिसे शिवलेले असतील तर एकदोन तसेच राहू द्या, त्यात मोबाइल कोंबला जाणार नाही.

थेट इस्त्री फिरवून पँटला चकाकी आली असेल तर ओला पंचा पिळून वर पसरा, त्यावरून हलकी वाफ द्या आणि ब्रश मारा. लोकर असेल तर बरीचशी जाते. कॉलर मागून सुटत असेल तर चांगल्या टेलरला दाखवा, थोडं जमू शकतं. सुरकुत्यांसाठी अंघोळीनंतर वाफ भरलेल्या बाथरूममध्ये तासभर टांगून ठेवला तरी पुरतो.

लाँड्रीचं प्लास्टिक घरी आल्याबरोबर काढून टाका. जुलैत त्याच्या आत ओल धरते आणि कॉलरखाली पांढरी बुरशी येते. कोकणात आणि मुंबईत तर हमखास. रुंद खांद्याचा हँगर, सुती पिशवी किंवा जुन्या चादरीची शिवलेली खोळ, आणि लोकर असेल तर डांबरगोळ्या, नाहीतर कसर लागते. पाऊस उघडला की एक दिवस बाहेर काढून सावलीत, वाऱ्यावर टांगा. उन्हात नको, खांद्यावरचा रंग उडतो.