नैराश्याची चाळणी तपासणी: आधी शेवट ठरवा, मग प्रश्न विचारा

प्रौढ रुग्णांमधील नैराश्य लवकर ओळखता यावे म्हणून दवाखान्यात चाळणी तपासणी सुरू करायची असेल, तर सुरुवात प्रश्नावली छापण्यापासून करू नये. ज्याचे गुण जास्त येतील त्याच्याशी त्याच दिवशी कोण बोलणार, त्याला कोणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे पाठवणार आणि तो तेथे पोहोचला की नाही हे कोण पाहणार, एवढे आधी लिहून ठेवावे. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २००२ मध्ये प्रौढांसाठी या तपासणीची शिफारस केली, तीसुद्धा अचूक निदान, परिणामकारक उपचार आणि पाठपुरावा यांची सोय असेल तेथेच करावी, अशा अटीसह. ही अट मला आजही सर्वांत महत्त्वाची वाटते.

त्यानंतर प्रश्नांकडे वळावे. पीएचक्यू-२ या छोट्या प्रश्नावलीत दोनच प्रश्न असतात: गेल्या दोन आठवड्यांत कशातही रस किंवा आनंद न वाटणे आणि उदास, खिन्न किंवा हताश वाटणे, यांचा त्रास किती वेळा झाला? ‘अजिबात नाही’पासून ‘जवळजवळ रोज’पर्यंत प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण दिले जातात. बेरीज ३ किंवा अधिक आली, तर नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ भरून घ्यावी. तिचे एकूण गुण २७ असून १० किंवा त्याहून अधिक गुण आल्यास सविस्तर तपासणी करावी.

प्रश्न कसा विचारला जातो, यावर उत्तराचा खरेपणा अवलंबून असतो. ‘तुम्हाला नैराश्य आहे का?’ असे विचारले की बहुतेक जण ‘छे, तसं काही नाही’ म्हणून विषय संपवतात. मात्र तीच व्यक्ती ‘हल्ली कशातच मन लागत नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच’ असे आपणहून सांगते. म्हणून प्रमाणित मराठी अनुवाद वापरावा, वाचता न येणाऱ्याला तो जसाच्या तसा वाचून दाखवावा आणि हे सर्व नातेवाइकांना बाहेर बसवून करावे. आईच्या वतीने मुलगा भराभर ‘नाही, नाही’ अशा खुणा करत असेल, तर तो कागद बाजूला ठेवून नवा घ्यावा. बाळंतिणीसाठी एडिनबरो प्रश्नावली अधिक योग्य ठरते, कारण थकवा यांसारख्या त्या काळात एरवीही होणाऱ्या शारीरिक तक्रारींवर तिचा भर नाही. मधुमेह किंवा हृदयविकार असलेले आणि कारण न सापडणाऱ्या दुखण्यासाठी वारंवार येणारे रुग्ण यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे.

पीएचक्यू-९ मधील नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. एकूण गुण कितीही कमी असोत, येथे शून्याखेरीज दुसरे उत्तर आले तर रुग्ण घरी जाण्यापूर्वी कोणीतरी त्याच्याशी बोललेच पाहिजे. आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. मनात काही बेत आहे का, साधन हाताशी आहे का, हे शांतपणे व स्पष्ट शब्दांत विचारावे. धोका तातडीचा वाटल्यास रुग्णाला एकटे सोडू नये आणि त्याच वेळी तज्ज्ञांची मदत घ्यावी.

गुण म्हणजे निदान नव्हे, हे रुग्णालाही सांगावे. थायरॉईडची कमतरता, रक्तक्षय, स्टेरॉइडसारखी काही औषधे आणि मद्यपान यांमुळेही अशीच लक्षणे दिसू शकतात. पूर्वी कधी झोपेची गरजच न वाटता अतिउत्साहाचे दिवस गेले होते का, हेही औषध सुरू करण्यापूर्वी विचारावे. असे दिवस द्विध्रुवी विकाराची, म्हणजे नैराश्य आणि अतिउत्साह आलटून-पालटून येणाऱ्या आजाराची, खूण असू शकतात आणि त्यात केवळ नैराश्यावरचे औषध दिल्यास उन्माद उफाळू शकतो.

उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यावी. गुण निम्म्यावर आले तर उपचार लागू पडत आहेत असे मानतात, तर ५ पेक्षा कमी गुण हे लक्षणे ओसरल्याचे चिन्ह समजतात. या तारखांसाठी स्वतंत्र वही ठेवावी आणि ठरलेल्या दिवशी जो आला नाही, त्याला दुसऱ्याच दिवशी फोन करावा, कारण नैराश्यात भेटीला यायचे बळच अनेकदा उरत नाही.