थंडीत मोटारसायकल उभी ठेवताना

निफाडकडच्या थंडीत पहाटे बटण दाबलं की नुसतं ‘टक्-टक्’ होतं, तेव्हा दोष बहुधा बॅटरीचाच असतो. महिनाभर गाडी हलणार नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. जोडताना ती शेवटी जोडा. मल्टिमीटरवर १२.४ व्होल्टच्या खाली दिसलं तर चार्ज करून घ्या.

टाकी काठोकाठ नको, पण भरलेली हवी. रिकाम्या भागात रात्री बाष्प धरतं आणि पत्र्याला आतून गंज चढतो. जुनी कार्बोरेटरची गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा.

रोज पाच मिनिटं जागेवरच इंजिन चालवायची सवय मात्र मला फार खटकते. त्यात बॅटरी भरत नाही, उलट ऑइलमध्ये पाण्याचा अंश साठतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवून आणा. निघण्याआधी, टायर गार असतानाच हवा तपासा. थंडीत ती कमी झालेली असते. पहिले दोन-तीन किलोमीटर वळणावर गाडी फार झुकवू नका, गार रबर रस्ता नीट धरत नाही.