छोट्या धंद्यासाठी राऊटर: अँटेना नको, पोर्ट मोजा

राऊटरच्या खोक्यावर सगळ्यात मोठं काय छापलेलं असतं? अँटेना. चार, सहा, कधी आठ. घेणाराही त्याच मोजतो. पण धंद्याच्या जागेत पैसे वसूल होतात ते राऊटरच्या पाठीमागच्या पोर्टांवर, म्हणजे केबल खोचायच्या खाचांवर, आणि भिंतीवरून ओढलेल्या केबलवर. कोल्हापुरात गुजरीतली पेढी असो, लक्ष्मीपुरीतलं होलसेल दुकान असो नाहीतर उद्यमनगरातलं मशीन शॉप, बहुतेकांचं काम दोन-तीन हजारांच्या राऊटरवर भागतं. फक्त निवडताना सुरुवात पाठीमागच्या बाजूनं करायची.

१. आधी कागदावर यादी

दुकानात जाण्याआधी आपल्याकडे नेटला काय काय जोडलंय ते लिहून काढा. बिलिंगचे कॉम्प्युटर, प्रिंटर, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर, स्वाइप मशीन, मालकाचा लॅपटॉप, कामगारांचे मोबाइल, आणि बसल्या बसल्या ‘वायफायचा पासवर्ड काय हो?’ विचारणारं गिऱ्हाईक. प्रत्येकासमोर ‘केबल’ किंवा ‘वायफाय’ लिहा. नियम सोपा आहे: जे जागचं हलत नाही ते केबलवर. टॅलीचा डेटा एका कॉम्प्युटरवर असून बाकीचे त्यावरून काम करत असतील, तर त्यांना वायफायवर ठेवूच नका. मधेच वायफाय तुटलं तर अर्धवट राहिलेल्या एन्ट्रीचा घोळ निस्तरत बसावं लागतं.

यादीत केबलवाली उपकरणं चारपेक्षा जास्त निघाली तरी मोठ्या राऊटरच्या मागं लागू नका. साध्या राऊटरला आठ पोर्टचा गिगाबिट स्विच, म्हणजे पोर्ट वाढवणारी पेटी, जोडा. तो स्वस्त असतो आणि त्यात सेटिंग काहीच नसतं.

२. कंपनीनं दिलेला डबा पुरतो का ते पाहा

फायबरचं कनेक्शन घेताना कंपनी जो डबा लावून जाते, त्यात बहुतेक वेळा राऊटर असतोच. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि चार मोबाइल एवढाच पसारा असेल तर तोच वापरा, नवीन घेऊ नका. विक्रेता हे सांगणार नाही, म्हणून इथं सांगतोय.

नवीन राऊटर घेतलाच, तर ब्रॉडबँडवाल्याला त्याचा डबा ‘ब्रिज मोड’वर, म्हणजे नेट नुसतं पुढं पाठवण्यापुरता, टाकायला सांगा. नाहीतर दोन राऊटर एकामागे एक काम करत बसतात आणि बाहेरून कॅमेरे बघताना किंवा व्हीपीएन (बाहेरून आपल्या नेटवर्कला जोडायची सुरक्षित वाट) जोडताना अडचणी येतात. तो ब्रिज करून देत नसेल, तर आपला राऊटर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’वर लावा. त्यावरचं वायफाय चालतं आणि बाकीचं काम जुना डबाच करतो.

३. पोर्टचा वेग: खरी फसगत इथं होते

खोक्यावर ‘एसी१२००’ छापलेलं असतं. हा आकडा येतो तो वायफायच्या दोन बँडचे, २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) मिळवून, वर गोळाबेरीज करून. कुठलाही एक मोबाइल हा वेग पाहत नाही. त्यात अशा कित्येक स्वस्त राऊटरांचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. तुम्ही २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलात तरी त्या पोर्टातून साधारण ९५च्या वर काही येत नाही. म्हणजे विहिरीवर साडेसातची मोटर आणि पुढं अर्धा इंची पाइप.

नेटचा प्लॅन छोटा असला तरी हा मुद्दा सुटत नाही. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर बॅकअप जातो, डिझाइनची मोठी फाइल जाते, आयपी कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग जातं, ते सगळं याच पोर्टांतून. म्हणून खोक्यावर ‘गिगाबिट’ (१००० एमबीपीएस) किंवा ‘१०/१००/१०००’ शोधा, आणि वॅन (बाहेरून नेट येणारा) व लॅन (आतली उपकरणं जोडायचे) दोन्ही पोर्ट तसेच आहेत का ते विचारा. नुसतं ‘१०/१००’ असेल तर खोका परत द्या. दोन्हींच्या किमतीत फरक असतो पाचशे-हजारांचा. राऊटरवर खर्च वाढवायचाच तर तो इथं.

केबलही त्याच तोडीची हवी. कॅट-६ घ्या, आणि आत शुद्ध तांबं आहे का ते पाहून घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते, पण लांब अंतरावर दगा देते. एका केबलची मर्यादा १०० मीटर.

४. वायफाय

ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही, हवाच. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे जास्त पोचतं, पण बाजारपेठेत शेजारपाजारच्या दुकानांचीही तिथंच गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण जाड भिंतीत अडतं. बरीच स्वाइप मशीनं आणि छोटे प्रिंटर २.४ वरच चालतात, त्यामुळं ते बंद करून चालत नाही. पंधरा-वीस मोबाइल असतील आणि बजेट असेल तर एकाच वेळी बरीच उपकरणं सांभाळणारं वायफाय ६ घ्या.

जुन्या वाड्यातली दगडी भिंत किंवा शिरोली, गोकुळ शिरगावची पत्र्याची शेड यांवर आठ अँटेनांचाही इलाज नाही. तिथं केबल ओढून पलीकडे दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे नुसतं वायफाय देणारा डबा, लावायचा.

५. दुसरी लाइन हवी का?

नेट गेल्यावर बिलिंगच थांबत असेल, तरच. मग दोन वॅन पोर्टचा राऊटर घ्या. टीपी-लिंकचा ईआर६०५ हा त्यातला परवडणारा पर्याय. त्याला वायफाय नसतं, ते वेगळं लावावं लागतं. मायक्रोटिकचा हेक्सही दणकट आहे, पण सेटिंगला जाणकार लागतो. दुसरं कनेक्शन घेताना त्याची केबल कुठून येते ते बघा. दोन्ही एकाच खांबावरून येत असतील, तर जेसीबी एका फटक्यात दोन्ही तोडेल.

६. खरेदी आणि जोडणी

जीएसटी नंबर टाकून पक्कं बिल घ्या. करात वळतं होतं आणि वॉरंटीलाही तेच लागतं. पाच-सहाशे रुपये वाचतात म्हणून बिनबिलाचा घेऊ नका.

लावल्या लावल्या ॲडमिनचा पासवर्ड बदला, फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण दाबून किंवा पिन टाकून वायफाय जोडायची सोय) बंद ठेवा. गिऱ्हाइकांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ वेगळं काढा. बिलिंगचा कॉम्प्युटर आणि अनोळखी मोबाइल एकाच नेटवर्कवर असणं बरं नव्हे. प्रिंटर आणि डीव्हीआरचे आयपी पत्ते (नेटवर्कवरचे क्रमांक) राऊटरमध्येच राखून ठेवा, म्हणजे लाइट गेल्यावर प्रिंटर हरवत नाही. आणि वळवाच्या दिवसांत लाइटचा काही भरवसा नसतो, तेव्हा राऊटर आणि कंपनीचा डबा दोन्हींना पुरेल असा छोटा यूपीएस लावा. २०१९ आणि २०२१चा पूर पाहिलेल्यांना हे सगळं भिंतीवर उंच लावायला सांगावं लागत नाही.

शेवटी, परत करायची मुदत संपायच्या आत ऐन गर्दीच्या वेळी तपासणी करा. सगळे कॉम्प्युटर, मोबाइल, कॅमेरे चालू ठेवा आणि त्याच वेळी एक मोठी फाइल कॉपी करा. दोन लाइन असतील तर मुख्य लाइनची केबल उपसून बिल निघतंय का बघा. अडलं, तर बिल आणि खोका घेऊन सरळ दुकान गाठा.