इलेक्ट्रिक नायलॉन गिटारला तारा कुठल्या घ्यायच्या?

दुकानात गेलं की काउंटरवरचा माणूस हमखास हार्ड टेन्शनचा, म्हणजे जास्त ताणाच्या तारांचा, सेट पुढे करतो, आवाज दणदणीत येतो म्हणे. साध्या क्लासिकल गिटारला ते ठीक आहे, तिथे तारेच्या जोरावरच लाकूड हलवायचं असतं. पण तुमची गिटार इलेक्ट्रिक आहे, केबल लावली की अ‍ॅम्पमध्ये जाते, मोठा आवाज करायला नॉब आहे ना! त्यासाठी बोटं कशाला सोलून घ्यायची? इथे तार निवडायची ती दोनच गोष्टींवर, बोटाला कशी लागते आणि सहाही तारा पिकअपमधून, म्हणजे तारेच्या थरथरीचा विजेचा सिग्नल बनवणाऱ्या भागातून, सारख्या ऐकू येतात का.

आधी गिटारकडे नीट बघा. गोडिनच्या मल्टिअ‍ॅक किंवा यामाहाच्या एनटीएक्स टाइपच्या गिटारमध्ये सॅडलच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खाली पिएझो पिकअप असतो, तारेची थरथर सॅडलवर दाबली जाते आणि त्याचा सिग्नल बनतो. साध्या इलेक्ट्रिक गिटारचा मॅग्नेटवाला पिकअप इथे कामाचा नाही, कारण वरच्या (उंच सुराच्या) तीन तारा निव्वळ प्लास्टिक आणि खालच्या (जाड, बेसच्या) तिघींच्या आत नायलॉनचे धागे नि वर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार, यातलं काहीच लोहचुंबकाला दाद देत नाही. म्हणून स्टीलच्या तारा लावून बघू असं कुणी सुचवलं तर हात जोडा. नायलॉनच्या नॉर्मल सेटचा सहा तारा मिळून ताण साधारण ४० किलोच्या आसपास असतो, स्टीलचा लाइट सेटसुद्धा ७० च्या वर जातो, ब्रिज, म्हणजे तारा बांधायचा लाकडी तुकडा, उखडून हातात येईल.

मग ब्रिज बघा. भोकातून तार ओवून गाठ मारायची असेल तर टाय-एंड सेट घ्या, बहुतेक ठिकाणी हाच लागतो. टोकाला मणी असलेले बॉल-एंड सेटही मिळतात, गाठ मारायचा कंटाळा असेल आणि ब्रिजला चालत असतील तर बिनधास्त घ्या, पण मणी नीट बसला नाही तर झर्रझर्र आवाज येतो आणि आपण उगाच फ्रेटना, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांना, शिव्या घालत बसतो.

आता टेन्शन. पहिल्यांदा घेताय तर नॉर्मल घ्या, डोळे झाकून. डॅडारिओचा प्रो-आर्ते नॉर्मल किंवा सवारेझचा लाल पाकिटातला कोरम, कुठलाही एक. दोन-तीन आठवडे वाजवा आणि मग ठरवा. जोरात स्ट्रमिंग करताना तारा फ्रेटवर आपटत असतील तरच हार्ड. स्टीलच्या गिटारवरून इकडे आलेल्यांना नॉर्मल फारच ढिली लागते, थोडे दिवस कळ काढा, सवय होते.

खरी डोकेदुखी तिसऱ्या तारेची. नायलॉनची पहिली तार ०.७ मिमीची असते, तिसरी जाऊन पोचते १ मिमीपर्यंत, दोरखंडच तो! त्यामुळे तिचा आवाज थड-थड येतो, वरच्या फ्रेटवर सुरालाही जरा हलते, आणि पिएझोमधून ते जास्तच उघडं पडतं. याला औषध म्हणजे कार्बनची तार. नाव कार्बन असलं तरी आहे फ्लुओरोकार्बन, मासे पकडायच्या गळाला वापरतात त्याच जातीचं. नायलॉनपेक्षा जड, त्यामुळे तेवढ्याच सुराला बारीक तार पुरते, ०.८५ मिमीच्या आसपास, आणि आवाज मोकळा येतो. मग तिन्ही कार्बनच्याच का नाही लावायच्या? लावतात की, सवारेझ अलायन्समध्ये तसंच असतं. पण पिएझोचा स्वभावच मुळात कडक, त्यात पहिली तारही कार्बनची लावली की कानात टाचणी टोचल्यासारखं होतं. माझं मत, पहिली-दुसरी नायलॉन आणि तिसरी एकटी कार्बन. सुटी तार मिळते, विचारा.

खालच्या तीन तारांत एकच बघायचं, बोट सरकवताना होणारी किरकिर. खोलीत ती जाणवत नाही, स्टेजवर स्पीकरमधून सगळ्या हॉलला ऐकू जाते. त्रास होत असेल तर पॉलिश्ड किंवा सेमी-पॉलिश्ड बेसवाला सेट घ्या, चमक थोडी कमी होते, चालतं. ब्राँझच्या बेस तारा मी टाळतो, पिएझोला आणखी चमक कशाला.

लावताना एका वेळी एकच तार काढा, हे पाळाच. मी एकदा हौसेने सहाही काढल्या, गिटार पुसायला उलटी केली तर सॅडल खाली पडलं आणि पिकअपची पट्टी सरकली, नंतर पाचवी तार मेल्यासारखी वाजायला लागली, आणि मी नवीन सेटलाच दोष देत राहिलो. तुमच्याकडेही एखादी तार हळू येत असेल तर आधी सॅडल खाली सपाट बसलंय का ते बघा, धूळ असेल तर पुसा, तरीही तसंच राहिलं तरच तार बदला. पहिल्या तारेला ब्रिजवर एक वेढा जास्त द्या, गुळगुळीत असते म्हणून सटकते, आणि सटकताना टोक ब्रिजमागच्या लाकडावर सटकन चापट मारून जातं.

नवीन नायलॉन पहिले तीन-चार दिवस उतरतच राहतं, कार्यक्रमाच्या आदल्या रात्री बदलू नका. त्यात आपल्याकडचा पावसाळा, मुंबई-कोकणात नायलॉन हवेतली ओल पितं, एसी हॉलमध्ये शिरलं की सूर परत हलतो, कार्बन या बाबतीत बरंच शहाणं आहे.

पुढच्या वेळी पूर्ण सेट घ्यायची गरज नाही. वरच्या तीन खूप दिवस टिकतात, बेस आधी काळ्या पडतात नि मंद होतात, म्हणून फक्त बेसचे सेट मिळतात ते आणा. आणि बॅगेत एक सुटी चौथी डी ठेवा, तिन्ही बेसमध्ये तीच सगळ्यात बारीक, तुटली तर बहुधा पहिली तीच तुटते.